नमस्कार कीं मुजरा ?

परदेशांत गेलेला मनुष्य तेथील कारखाने, आगगाड्या आणि बाजार पाहून येतो, व त्यांवरून त्या राष्ट्राच्या बळाचें माप काढतो. हें माप अगदींच खोटें नसतें. परंतु एखाद्या समाजाचें अंतरंग पाहावयाचें असेल, तर त्याच्या राजवाड्यापेक्षां त्याच्या आळींतल्या देवळांत अर्धा तास उभें राहणें अधिक उपयोगाचें, असें आमचें मत आहे. या समजुतीनें गेल्या वसंत ऋतूंत तोक्यो शहरीं आम्ही नेझु नांवाच्या शिंतो देवळास गेलों. तेथें जें पाहिलें तें, आणि त्यावरून इतिहासाच्या व कायद्याच्या दृष्टीनें जें सुचलें तें, आज वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

नेझुचें देऊळ शहराच्या बुन्क्यो विभागांत आहे. हल्लींची इमारत १७०६ सालची. ती पांचवे तोकुगावा शोगुन त्सुनायोशी यांनीं बांधविली. एप्रिलांत तेथील टेकडीच्या उतारावर अझालियाचीं हजारों झुडपें फुलतात, तेवढे दिवस गर्दी लोटते. एरव्हीं कचेरीस जाणारे कारकून, काठी टेंकीत येणाऱ्या म्हाताऱ्या व शाळकरी मुलें हेच त्याचे भक्त. "शिंतो" म्हणजे देवांचा मार्ग. या मार्गास संस्थापक नाहीं, सर्वांनीं शिरसावंद्य मानावा असा एकच धर्मग्रंथ नाहीं, आणि आंत येणाऱ्यास "तूं काय मानतोस ?" असें विचारणारा कोणी नाहीं. डोंगर, झरा, जुना वृक्ष, पराक्रमी किंवा दुर्दैवी पूर्वज, यांपैकीं ज्याच्या ठायीं विस्मय वाटावा तो "कामि". अशा कामींचीं सुमारें ८०,००० देवळें त्या देशांत आहेत. ज्या आळीचें किंवा गांवाचें देऊळ, तेथील रहिवासी त्या देवाचे "उजिको", म्हणजे लेंकरें. मूल जन्मलें कीं सुमारें महिन्यानें त्यास तेथें नेतात. तीन, पांच व सात या वयांत नोव्हेंबर महिन्यांत पुन्हां नेतात. नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत तर सगळा देश देवळांकडे लोटतो. आणि तोच मनुष्य मरतो तेव्हां त्याचा अंत्यविधि बहुधा बौद्ध भिक्षूकडून होतो. "तुमचा धर्म कोणता ?" असें विचारलें तर पुष्कळजण "कोणताच नाहीं" असें सांगतात, व दुसऱ्या दिवशीं देवळांत जाऊन हात जोडतात. यांत त्यांस विसंगति वाटत नाहीं.

देवळाच्या रस्त्यावर प्रथम लागते ती "तोरी". दोन खांब व त्यांवर दोन आडव्या तुळया, एवढीच ही शेंदरी रंगाची कमान. तिला फळ्या नाहींत, कडी नाहीं, अडसर नाहीं. तिच्याखालून जाण्यापूर्वीं लोक किंचित् वांकतात, आणि रस्त्याचा मध्य देवासाठीं सोडून कडेनें चालतात. आमच्या पुढें शाळेचा गणवेष घातलेला एक मुलगा चालला होता. त्याचें सगळें लक्ष हातांतल्या मोबाइलकडे होतें. तरी कमानीपाशीं येतांच त्याची मान आपोआप लवली आणि पुन्हां मोबाइलकडे वळली. ही भक्ति होती कीं संवय, हा प्रश्न आम्हीं त्यास विचारला नाहीं. त्यालाही तो कधीं पडला नसावा.

आंत गेल्यावर एका छपराखालीं दगडी कुंड व त्यावर लांब दांड्याच्या पळ्या, अशी शिंतो देवळांतील जुनी व्यवस्था असते. उजव्या हातांत पळी घेऊन डावा हात धुवावयाचा. मग डाव्या हातांत घेऊन उजवा. पुन्हां उजव्या हातांत पळी घेऊन डाव्या तळहातावर पाणी घ्यावयाचें व त्यानें तोंड खळबळावयाचें, पळीस ओठ लावावयाचे नाहींत. डावा हात पुन्हां धुवून शेवटीं पळी उभी धरावयाची, म्हणजे उरलेलें पाणी दांड्यावरून ओघळून, आपला हात लागलेली जागा धुवून जातें. मग पळी होती तशी ठेवावयाची. एका पळीभर पाण्यांत हें सगळें बसतें. पाण्याचे विधि आम्हांस नवे नाहींत. परंतु आमच्या बहुतेक विधींत आपण शुद्ध झालों कीं काम संपतें. येथें शेवटची धार आपल्यासाठीं नाहीं. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं आहे. २०२० सालच्या करोनाच्या सांथींत पुष्कळ देवळांनीं पळ्या उचलून ठेविल्या व वाहत्या पाण्याची सोय केली. पळी गेली, पण मागून येणाऱ्याचा विचार राहिला.

सभामंडपापुढें एक लांकडी पेटी असते, तींत नाणें टाकतात. पांच येनचें नाणें पुष्कळांस आवडतें, कारण "गो-एन" या उच्चाराचा एक अर्थ पांच येन आणि दुसरा ऋणानुबंध. मग कमरेंतून वांकून दोन नमस्कार, दोन टाळ्या, क्षणभर मनांतली गोष्ट, आणि शेवटीं एक नमस्कार. मूर्ति दिसत नाहीं. देवाचें प्रतीक आंतल्या गाभाऱ्यांत झांकलेलें असतें. विशेष प्रार्थना करवावयाची असेल तर पुजारी आहेत व त्यांची दक्षिणाही आहे. पण साध्या दर्शनास कोणाची मध्यस्थी लागत नाहीं. हा दोन नमस्कार, दोन टाळ्या, एक नमस्कार असा क्रम अनादि आहे असें तेथील पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः तो बहुतेक ठिकाणीं सारखा झाला तो मेइजी काळापासून. इझुमो येथील प्रसिद्ध देवळांत आजही चार टाळ्या वाजवितात. ज्यास आपण सनातन म्हणतों त्यांतलें किती पणजोबांच्या पिढीचें असतें, हें पाहण्यास जपानास जाण्याची गरज नाहीं. परंतु परक्या घरीं तें लवकर दिसतें, कारण तेथें डोळे मिटून घेण्याचें आपणांस कारण नसतें.

बाजूस लांकडी पाट्या टांगण्याची जागा आहे. या पाट्यांस "एमा" म्हणजे चित्रांतला घोडा म्हणतात. पूर्वीं देवास जिवंत घोडा अर्पण करीत. ज्यास घोडा परवडेना त्यानें चित्र दिलें, आणि हळूहळू चित्रच रूढ झालें. नवसाचा बकरा जाऊन नारळ आला, त्याच जातीची ही सुधारणा. परीक्षेंत यश मिळो, आईचा आजार बरा होवो, असें या पाट्यांवर लिहून लोक त्या उघड्यावर टांगतात. शेजाऱ्याचें दुःख वाचण्यास तेथें कोणाची परवानगी लागत नाहीं.

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, सुधारणेचा पक्ष घेणारे आम्ही परदेशांत जाऊन रूढीचे भाट झालों. तेव्हां दोषही सांगितले पाहिजेत. ताईत, शकुनाच्या चिठ्ठ्या, नव्या मोटारीची शुद्धि, यांचा व्यापार तेथेंही चालतो. परंतु खरा दोष "केगारे" म्हणजे विटाळ या कल्पनेंत आहे. ओकिनोशिमा हें देवाचें बेट स्त्रियांना बंद आहे. २०१७ सालीं त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला, तरी ती बंदी उठली नाहीं. पुढें सामान्य पुरुष यात्रेकरूंचाही प्रवेश थांबला, एवढेंच. मेलेलीं जनावरें व कातडें यांचा धंदा करणाऱ्या लोकांस विटाळाच्याच नांवाखालीं पिढ्यान्पिढ्या दूर लोटलें; १८७१ सालीं सरकारी जाहीरनाम्यानें त्यांस इतरांच्या बरोबरीचें केलें, तरी लग्न व नोकरी यांत तो जन्माचा डाग पुढेंही फार काळ शोधला गेला. पळीभर पाण्याची शुचिता गोड असते. तीच माणसांस लावली कीं तिचें विष होतें. हें महाराष्ट्रीय वाचकांस समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

विटाळाचा दोष समाजाच्या आंतला. दुसरा अपाय या देवळांस बाहेरून झाला, आणि तो करणारें सरकार होतें. नेझुचेंच उदाहरण घेऊं. १८६८ पूर्वीं लोक यास "नेझु गोंगेन" म्हणत. गोंगेन म्हणजे कार्यापुरतें धारण केलेलें रूप. बुद्ध व बोधिसत्त्व जपानी देवांच्या रूपानें प्रकट झाले, अशी ती समजूत. अवताराच्या कथांवर वाढलेल्या आम्हां लोकांस ती परकी वाटत नाहीं. अशा रीतीनें बुद्ध आणि कामि शेंकडों वर्षें एका आवारांत नांदले. १८६८ सालीं नव्या सरकारनें दोघांची फारकत केली, आणि त्या भरांत कित्येक ठिकाणीं बुद्धमूर्ति फोडल्या गेल्या. १८७१ सालीं जाहीर झालें कीं देवळें हीं राष्ट्राच्या उपासनेचीं स्थानें आहेत, एखाद्या व्यक्तीची किंवा कुटुंबाची खासगी मालमत्ता नव्हेत. वंशपरंपरेचे पुजारी दूर झाले व देवळांस लहानमोठे सरकारी दर्जे मिळाले. यांतली अर्धी गोष्ट आम्हांस सुधारणाच वाटली असती. देऊळ बडव्यांचें नव्हे, हें कोणास आवडणार नाहीं ? परंतु तें कुटुंबाच्या हातून सुटलें तें लोकांच्या हातीं आलें नाहीं. तें सरकारच्या हातीं गेलें.

पुढची युक्ति वकिलांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. १८८९ च्या घटनेच्या २८ व्या कलमांत धर्मस्वातंत्र्य दिलेलें होतें. मात्र सार्वजनिक शांतता व प्रजेचीं कर्तव्यें यांस बाध न येईल इतकेंच. मग एकाच मार्गाच्या देवळांपुढें सर्वांस कसें वांकवावें ? १९०० सालीं गृहखात्यांत देवळांचा एक व धर्मांचा दुसरा असे दोन विभाग पाडले. आणि शिंतो देऊळ हा धर्मच नव्हे, तो राष्ट्राचा आचार आहे, ही सरकारची भूमिका ठरून गेली. देव तोच, पुजारी तोच, नमस्कार तोच. नांव तेवढें बदललें, आणि घटनेचें कलम जागच्या जागीं निर्जीव झालें. हक्क काढून घेण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. हक्कास हात लावावयाचा नाहीं. ज्या वस्तूवर तो चालतो तिची व्याख्या बदलावयाची.

देवळें राष्ट्राचीं झालीं तेव्हां त्यांचा हिशेबही राष्ट्राच्या सोयीनें होऊं लागला. १९०६ पासून लहान देवळें मोडून गांवोगांवीं एकच देऊळ ठेवण्याचें धोरण निघालें, आणि थोड्याच वर्षांत सुमारें ७०,००० देवळें नाहींशीं झालीं. देवळाबरोबर त्याची राईही गेली. कारण सह्याद्रींतल्या आपल्या देवरायांप्रमाणेंच, जें लांकूड एरव्हीं कुऱ्हाडीपासून वांचलें नसतें तें देवाच्या नांवानें वांचलें होतें. वाकायामा प्रांतांतील मिनाकाता कुमागुसु या निसर्गशास्त्रज्ञानें या धोरणाशीं दावा मांडला. १९१० सालीं त्यासाठीं त्यानें तुरुंगही पाहिला. देऊळ गेलें कीं गांवचा एकोपा जातो, गांवचा एकोपा गेला कीं स्वराज्याची संवय जाते, आणि जन्मभूमीवरचें प्रेमही आटतें, असें त्याचें म्हणणें. सरकार देशभक्तीसाठीं देवळें मोडीत होतें, आणि हा मनुष्य देशभक्तीसाठींच तीं राखूं पाहत होता. १९२० सालीं सरदारांच्या सभेनें हें धोरण बंद करण्याचा ठराव केला तेव्हां तो खरा ठरला. पण तोडलेली राई ठरावानें उगवत नाहीं.

त्याच १९०६ सालची एक खूण नेझुच्या आवारांत आहे. ती एक दगडी बैठक आहे, आणि तिच्या मागें प्रसिद्ध साहित्यिक व लष्करी डॉक्टर मोरी ओगाई यांचें मोरी रिन्तारो हें मूळ नांव कोरलेलें आहे. रशियाशीं झालेल्या युद्धांत हस्तगत केलेला तोफेचा गोळा आळींतल्या देवापुढें मांडण्यासाठीं ती अर्पण केलेली होती. तो विजय १९०५ सालचा. महाराष्ट्रांतल्या राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनींही तेव्हां आनंद मानला. एका आशियायी राष्ट्रानें युरोपांतलें साम्राज्य नमविलें होतें, आणि पारतंत्र्यांत पिचणाऱ्या लोकांस तो आनंद होणें स्वाभाविक होतें. परंतु जपानचें आरमार पाहणाऱ्या आमच्या वडिलांनीं त्याचें आळींतलें देऊळ पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तर त्यांस दिसतें कीं, तेथें मुलाच्या तापासाठीं हात जोडणाऱ्या आईपुढें सरकारनें तोफगोळा आणून ठेविला आहे.

त्या गोळ्याची वाट कोठें गेली, तें पुढें दिसलें. १९३२ सालीं तोक्योंतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं यासुकुनि येथील युद्धवीरांच्या देवळापुढें वांकण्यास नकार दिला, तेव्हां मोठें वादळ उठलें. शेवटीं शिक्षणखात्यानें खुलासा केला कीं हें वांकणें देशप्रेम व राजनिष्ठा यांचें चिन्ह आहे, आणि प्रकरण त्या शब्दांवर मिटलें. कोरियांत तर परकी सत्तेनें परका देवच आणिला होता. सोल शहरीं १९२५ सालीं जपानी देवांचें मोठें देऊळ उभें राहिलें, व पुढील दशकांत शाळांस व चर्चांस त्यापुढें वांकण्याची सक्ती झाली. १९३८ सालीं पोलिसांच्या पहाऱ्यांत कोरियांतील प्रेस्बिटेरियन पंथाच्या महासभेनें या वांकण्यास मान्यता दिली. ज्यांनीं दिली नाहीं त्यांपैकीं कित्येक तुरुंगांत गेले, कांहीं तेथेंच मेले. नमस्काराचा मुजरा झाला तो असा. दोहोंत शरीर सारखेंच वांकतें; फरक एवढाच कीं नमस्कार न केल्यास कांहीं होत नाहीं.

१५ डिसेंबर १९४५ रोजीं विजेत्या सैन्याच्या हुकुमानें सरकार व शिंतो यांची फारकत झाली. ३ मे १९४७ पासून अमलांत आलेल्या घटनेच्या २० व्या कलमानें धर्मविधींत भाग घेण्याची सक्ती बंद केली, व ८९ व्या कलमानें धर्मसंस्थांवर सरकारी पैसा खर्च करण्यास मनाई केली. हें परक्यांनीं लादलेलें स्वातंत्र्य आहे, असा आक्षेप तेथील अभिमानी लोक घेतात. आक्षेप खोटा नाहीं. परंतु लादलेल्या कलमांत प्राण कोणी घातला तें पाहावें. त्सु शहराच्या नगरपालिकेनें १९६५ सालीं व्यायामशाळेच्या भूमिपूजनास पुजारी बोलाविले व ७,६६३ येन खर्च केले. एवढ्या रकमेसाठीं एक नगरसेवक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९७७ सालीं १० विरुद्ध ५ मतांनीं तो हरला. भूमिपूजन हा लौकिक आचार आहे, असें ठरलें. एका ख्रिस्ती विधवेच्या पतीची, तिची इच्छा नसतांना, युद्धवीरांच्या देवळांत देव म्हणून स्थापना झाली. तीही १९८८ सालीं हरली, आणि दुसऱ्यांच्या श्रद्धेविषयीं सहिष्णुता तिनेंच दाखवावी असा उपदेश तिला मिळाला. दुबळ्या पक्षास सहिष्णुता शिकविणें हा बहुमताचा जुना छंद आहे. परंतु १९९७ सालीं एहिमे प्रांताच्या सरकारनें देवळांस दिलेला नजराणा १३ विरुद्ध २ मतांनीं घटनाबाह्य ठरला. आणि २००२ सालीं, देवळाची वर्गणी देत नाहीं म्हणून वस्तीसंघानें ज्यास सभासद मानण्याचें सोडलें होतें अशा रहिवाशाच्या बाजूनें सागा येथील जिल्हा न्यायालय उभें राहिलें.

आम्हांस सर्वांत शहाणा वाटतो तो २० जानेवारी २०१० चा निकाल. होक्काइदो बेटावरील सुनागावा शहरांत सोराचिबुतो नांवाचें एक लहान देऊळ आहे. त्याखालची जमीन एका रहिवाशानें १९५३ सालीं नगरास दिलेली, व तींत देऊळ फुकट बसलेलें. न्यायालयानें हें घटनाबाह्य ठरविलें. पण देऊळ पाडा असें सांगितलें नाहीं. आज उठून तें पाडलें तर तेथील उजिकोंच्या उपासनेच्या स्वातंत्र्यास धक्का बसेल, सबब दुसरा मार्ग आहे काय तें पाहा, असें म्हणून प्रकरण खालीं पाठविलें. शेवटीं देवळापुरती जमीन भक्तांनीं भाड्यानें घ्यावी असें ठरलें, व २०१२ सालीं त्यास मान्यता मिळाली. आमच्यांतील उतावळ्या सुधारकांनीं व उतावळ्या धर्माभिमान्यांनींही हा निकाल वाचावा. हुकुमानें देऊळ पाडणारा सुधारक १९०६ च्या गृहखात्याचाच धाकटा भाऊ होय. आणि सरकारी जमिनीवर देव बसविला म्हणजे धर्म बळावला, असें मानणारा अभिमानी देवास भाडेकरूपेक्षांही खालीं उतरवितो.

देवळाच्या दारावर मनुष्याचे दोन हक्क आहेत. एक आंत जाण्याचा, दुसरा न जाण्याचा. महाराष्ट्रानें पहिल्यासाठीं झुंज दिली. नाशिकच्या काळारामाचा सत्याग्रह १९३० सालचा, पंढरपूरसाठीं साने गुरुजींचें उपोषण १९४७ चें. आणि स्त्रियांच्या प्रवेशासाठीं मुंबई उच्च न्यायालयास २०१६ सालीं सरकारला त्याच्याच जुन्या कायद्याची आठवण द्यावी लागली. दुसरा हक्क आम्ही तितक्या आस्थेनें मोजीत नाहीं. गांवच्या जत्रेची वर्गणी न देणाऱ्याशीं गांव कसा वागतो ? सामाजिक बहिष्काराविरुद्ध आम्हांस २०१६ सालीं कायदा करावा लागला, हेंच त्याचें उत्तर. जपानांत झुंज झाली ती बहुतेक या दुसऱ्या हक्कासाठीं. दोन्ही लढे वरवर उलटे दिसतात. परंतु ज्यास बाहेर राहण्याची मोकळीक नाहीं त्याचें आंत येणें, आणि ज्यास आंत येण्याची मोकळीक नाहीं त्याचें बाहेर राहणें, या दोहोंत त्याचें स्वतःचें असें कांहींच नसतें.

राष्ट्रास एक करण्यासाठीं सर्वांचा एक नमस्कार पाहिजे, असें म्हणणारे लोक सर्व देशांत आहेत, आणि राष्ट्राविषयींचें त्यांचें प्रेम खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीही त्याच प्रेमानें लिहितों. त्यांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, जपानी राष्ट्राचें जें खरें बळ आम्हांस दिसलें तें कोणी हुकूम देऊन उत्पन्न केलेलें नव्हतें. नेझुच्या आवारांतल्या त्या बैठकीवर आतां तोफगोळा नाहीं. पुढें तिची पाण्याची जागा झाली, आणि जेथें युद्धाची लूट मांडावयाची तेथें तहानलेलीं मुलें ओंजळ धरूं लागलीं. आम्ही परत निघालों तेव्हां एक म्हातारी कमानीबाहेर येऊन देवळाकडे वळली, वांकली, आणि पिशवी संभाळीत बाजाराच्या वाटेस लागली. तिच्या पाठोपाठ आलेला तरुण न वांकतां तसाच निघून गेला. दोघांकडेही कोणी वळून पाहिलें नाहीं.